कमलची परवानगी

आमच्या घरात कमल नावाची एक बाई राहते, असं आमच्या संगणकाचं ठाम म्हणणं आहे. रेशन कार्डावर तिचं नाव नाही, मतदार यादीत नाही, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर नाही. कामाला येणाऱ्या मावशींनी तिला कधी पाहिलेलं नाही, आणि मावशींच्या नजरेतून आमच्या इमारतीत काही सुटत नाही. पण संगणक ऐकायला तयार नाही. तिची खोली आहे, तिचं सामान आहे, आणि त्या सामानाला हात लावायचा तर तिची परवानगी आणा, असं तो मला पडद्यावर लेखी कळवतो.

कमल म्हणजे मीच. माझं नाव कमलाकर. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, त्याआधी त्यानं हा संगणक आणून जोडून दिला आणि माझ्या ई-मेलच्या पत्त्यावर माझं खातं उघडून दिलं. विंडोजची एक खोड आहे. असं खातं उघडलं की सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स' नावाच्या फोल्डरात ते त्या माणसापुरतं एक वेगळं फोल्डर बांधतं, आणि त्यावर पाटी लावताना ई-मेलमधली पहिली पाच इंग्रजी अक्षरं उचलून बाकीची सोडून देतं. कमलाकरमधली पहिली पाच उचलली की हातात येते कमल. माझ्यातला पुरुष सहाव्या अक्षरापासून सुरू होतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

एरवी ते कळायचं काही कारणही नव्हतं. पडद्यावर माझं नाव रोज पूर्ण यायचं. पाटी आतल्या बाजूला, तिथं कोण जातो बघायला? पुढे बायकोला भजनी मंडळाचा हिशेब ठेवण्यासाठी त्याच संगणकावर खातं हवं झालं. तिचं नाव रजनी. तिच्याही नावाला पाच अक्षरांची कात्री लागली आणि तिचा झाला राजन. म्हणजे कित्येक वर्षं आमच्या सी ड्राइव्हवर कमल आणि राजन शेजारी शेजारी नांदत होते आणि आम्हा नवरा-बायकोला त्याचा पत्ताच नव्हता. (माझे साडू पुरुषोत्तम. त्यांच्या संगणकात ते 'पुरुस' आहेत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. दिवाळीत सगळे जमले की सांगायचं ठरवलं होतं.)

सगळं उघडकीला आलं ते जूनमधल्या एका वादळी संध्याकाळी. मी काम संपवून खात्यातून बाहेर पडत होतो आणि नेमकी त्या क्षणी वीज गेली. इन्व्हर्टर होता, पण त्याच्या बॅटरीत पाणी घालायचं राहिलं होतं. ते काम कुणाचं, यावर घरात अजून एकमत नाही. आता विंडोज प्रत्येक माणसाच्या फोल्डरात एक फाइल लपवून ठेवतं. तिचं नाव एनटीयूजर डॉट डॅट. भिंतीवर चित्र कुठलं, अक्षर केवढं, प्रिंटर कोणता, काल काय उघडलं होतं, असा त्या माणसाचा सगळा स्वभाव तिच्यात नोंदलेला असतो, आणि माणूस बाहेर पडताना त्या नोंदी तिच्यात नीट मिटवून ठेवल्या जातात. माझा स्वभाव मिटवणं चालू असतानाच अंधार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकानं मला आत घेतलं, पण ओळख दाखवली नाही. नातवाचा फोटो गेला, त्या जागी कोरा निळा पडदा. माझ्या फाइली नाहीत. कोपऱ्यात एक निरोप: तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलनं आत आला आहात, इथं जे काही कराल ते बाहेर पडताच नाहीसं होईल.

मी बायकोला हाक मारली. "बघ, काय म्हणतंय हे."

तिनं चष्मा लावून वाचलं. "तुमच्या निरोपसमारंभात साहेब हेच म्हणाले होते की. जरा वेगळ्या शब्दांत."

संगणक बिघडला की घरात सल्लागार फार होतात. शेजारचे अण्णा हाक न मारता आले आणि म्हणाले, "बंद करून चालू करा." केलं. "आता पुन्हा करा." पुन्हा केलं. मग ते म्हणाले, "थोडा वेळ बंदच राहू द्या, तापला असेल," आणि चहा घेऊन गेले. खरं सांगायचं तर या आजारावर बंद करून चालू करण्याचा उपाय कधी कधी लागूही पडतो, पण ते अण्णांना माहीत नव्हतं. ते हाच उपाय गॅसच्या गळतीवरही सांगतात.

कोपऱ्यावरच्या दुकानातला दुरुस्तीवाला पोरगा मात्र निदानाच्या भानगडीतच पडला नाही. मी अजून पायरीवरच होतो.

"काका, फॉरमॅट मारू."

"अरे, आधी काय झालंय ते तरी ऐक."

"काहीही होऊ दे ना. फॉरमॅट मारला की नवा होतो."

"आणि आतलं सगळं?"

"जातं. आत आहे काय पण एवढं?"

काय आहे ते मी त्याला सांगितलं. मुलाच्या लग्नात आलेल्या आहेराची संपूर्ण यादी आहे. एक्सेलमध्ये. नाव, गाव, नातं, रोख किंवा वस्तू, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'मनापासून', 'पाकीट जाड, आत एकावन्न', 'घड्याळ, बंद', 'हेच आपण त्यांना दिलेलं' अशा नोंदी आहेत. कुणाकडे लग्न निघालं की मी ती यादी उघडतो, त्यांनी काय दिलं ते बघतो आणि तेवढंच परत करतो. यात रक्कम कमी होत नाही आणि उगाच वाढतही नाही. पोरगा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, मग तर फॉरमॅट माराच."

अखेर पुण्याहून भाच्यानं फोनवर सूत्रं हाती घेतली. तो हिंजवडीत संगणकातच आहे. "मामा, टेन्शन नका घेऊ. पाच मिनिटांचं काम आहे. नवीन अकाउंट उघडायचं, जुन्यातल्या फाइली उचलून नव्यात टाकायच्या, जुनं अकाउंट डिलीट. संपलं."

माझा एक अनुभव आहे. सुतार 'दोन दिवस' म्हणाला तर निदान कुठले दोन, एवढंच विचारायचं राहतं. संगणकवाला 'पाच मिनिटं' म्हणाला की डबा भरून ठेवावा.

नवं खातं झालं. जुन्या फोल्डरातल्या फाइली मी माझ्या हातानं उचलून नव्यात आणल्या. आहेराची यादी सर्वांत आधी. मग जुनं खातं काढायला घेतलं. संगणकानं विचारलं, यांच्या फाइली ठेवायच्या की काढायच्या? मी म्हटलं काढा. नाव गेलं. पडद्यावर आता मी नवा आणि राजन, म्हणजे रजनी, एवढेच उरलो. मी भाच्याला फोन करून आभारही मानले. त्याच संध्याकाळी सहज म्हणून युजर्समध्ये डोकावलो तर कमल जागच्या जागी. सामानसुमानासकट. चार जीबी.

मी फोल्डरवर उजवं क्लिक करून डिलीट म्हटलं. संगणक म्हणाला, परवानगी लागेल. मी म्हटलं, मी या घरचा ॲडमिनिस्ट्रेटर आहे. तो म्हणाला, असाल, पण परवानगी एस-1-5-21 इत्यादी इत्यादी 1001 यांची लागेल.

हा लांबलचक आकडा म्हणजे कमलचा ओळख क्रमांक. विंडोजला माणसाच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. नाव फक्त आपल्या समाधानासाठी दाराबाहेर लावलेलं. आत सगळा कारभार आकड्यावर. मधले मोठे आकडे त्या संगणकाचे आणि शेवटचा माणसाचा. 500 म्हणजे मूळ ॲडमिनिस्ट्रेटर, 501 म्हणजे पाहुणा, आणि तुम्ही-आम्ही सामान्य लोक हजाराच्या पुढे. गेलेल्या माणसाचा आकडा पुन्हा कुणाला मिळत नाही. त्यामुळे 'कमल' याच नावानं दुसरं खातं उघडून स्वतःच स्वतःला परवानगी द्यायची जी शक्कल मला रात्री सुचली होती, ती भाच्यानं सकाळी हाणून पाडली. "मामा, नाव तेच असलं तरी नंबर वेगळा पडणार. संगणकाच्या दृष्टीनं ती दुसरीच कमल."

"म्हणजे जिची परवानगी हवी ती अस्तित्वात नाही?"

"नाही."

"आणि ती नाही म्हणूनच तिची परवानगी लागतेय?"

"टेक्निकली, हो."

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली. तिथं कागदांचे वर्ग असतात. अ वर्ग कायम ठेवायचा, ड वर्ग वर्षभरानं नष्ट करायचा, अधल्यामधल्यांच्या मुदती अधल्यामधल्या. ऐकायला सोपं आहे. पण ड वर्गाचा गठ्ठा जाळायचा तर आधी त्याची यादी करायची, यादीवर सही घ्यायची, सही करणारे बदलून गेलेले असायचे, आणि मग तो पत्रव्यवहार मात्र जपून ठेवावा लागायचा. एका गठ्ठ्याच्या विल्हेवाटीतून दोन गठ्ठे जन्माला यायचे. निवृत्त होताना मी तिथं माझाच नोकरीच्या पहिल्या वर्षातला किरकोळ रजेचा अर्ज पाहिला. कारण: ताप. तो ताप उतरला, साहेब गेले, मी निघालो, अर्ज अजून आहे.

त्यामुळे मी हे प्रकरण शिस्तीत हाताळायचं ठरवलं. एक दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले. दिनांक, काय काढले, कुठून काढले, साक्षीदाराची सही. साक्षीदार म्हणून बायको. तिनं पहिल्या ओळीवर सही केली आणि विचारलं, "यातलं मी काय वाचून सही करायची असते?" मी म्हटलं, "वाचायची पद्धत नाही."

भाचा फोनवर आज्ञा सांगणार आणि मी त्या काळ्या खिडकीत टाइप करणार, असं ठरलं. आधी फोल्डरचा ताबा घ्यायचा, मग हक्क नव्यानं मांडायचे, मग उडवायचं. पहिली आज्ञा टेकओन.

"मामा, टेकओन, स्पेस, स्लॅश, एफ."

"हं."

"आता स्पेस. सी, कोलन, बॅकस्लॅश, युजर्स."

"म्हणजे तीच रेघ?"

"नाही मामा. बॅकस्लॅश. उलटी."

"कुठं कललेली?"

"मागे."

"कोणाच्या मागे?"

"मामा, एंटरच्या वरचं बटण."

"एंटरच्या वर नातवानं स्टिकर लावलाय. डोरेमॉन."

"डोरेमॉन दाबा."

त्यानंतर आमची भाषाच ठरली. "सी, कोलन, डोरेमॉन, युजर्स, डोरेमॉन, कमल." एकाच ओळीत दोन रेघा दोन दिशांना कलायला हव्यात, हे कुणी आणि का ठरवलं, असं मी विचारलं. भाचा म्हणाला, त्याला मोठा इतिहास आहे, नंतर सांगतो. मी एंटर मारला. काळ्या पडद्यावर यशाच्या ओळींची रांगच लागली. माझ्या कुठल्याही कामाला इतक्या वेळा यश आल्याचं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

ताबा मिळाला. डिलीट म्हटलं. संगणक म्हणाला, ही फाइल दुसरीकडे कुणीतरी उघडलेली आहे. घरात मी एकटा, भाचा पुण्यात. बंद करून चालू केला. (अण्णांना सांगितलं नाही.) मग फाइली सरसर जायला लागल्या आणि मध्येच एका ठिकाणी अडल्या. तिथं 'ॲप्लिकेशन डेटा' नावाचं फोल्डर होतं. ते उघडलं तर आत पुन्हा ॲप्लिकेशन डेटा. त्याच्या आत आणखी एक. मी उत्साहानं उघडत गेलो. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "जाताय कुठं एवढ्या आत?"

हे फोल्डर खरं फोल्डरच नसतं. ती नुसती पाटी असते, आणि ती बोट दाखवते ते आपण जिथं उभे आहोत त्याच जागेकडे. जुन्या काळचे प्रोग्राम जुन्या पत्त्यावर आले तर त्यांना नव्या पत्त्यावर पोचवण्यासाठी अशा पाट्या ठेवलेल्या आहेत. सी ड्राइव्हवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाची अशीच एक पाटी असते. विंडोज 2000 आणि एक्सपीच्या काळात सगळे तिथं राहायचे. 2007 साली व्हिस्टा आलं आणि वस्ती 'युजर्स'मध्ये हलली. जुनी पाटी तशीच राहिली, आणि कुणी माणूस त्या दारावर गेलाच तर त्याला 'प्रवेश नाही' म्हणून परत पाठवतात. आतल्या पाट्यांनाही असाच मज्जाव असतो, म्हणून एरवी कुणी त्या गोल फेऱ्यात सापडत नाही. आम्ही मात्र हक्क नव्यानं मांडताना तो मज्जावच उठवून बसलो होतो. मी चालत राहिलो ते पत्ता 260 अक्षरांचा होईपर्यंत. तिथं संगणक म्हणाला, नाव फार लांब झालं, आता पुढं नाही. माझं नाव पाचव्या अक्षरावर तोडणारा हाच.

या सगळ्या काळात आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि भाच्याशी मी नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं बोलत होतो. अण्णांच्या वहिनींचं तुळशीवृंदावन त्या खिडकीच्या समोरच आहे. त्यांच्या कानावर तुकड्या-तुकड्यानं काय काय गेलं, त्याची मी नंतर मनात जुळणी केली, ती साधारण अशी:

"कमलला काढून टाकलं रे मी, पण तिचं सामान काही हलत नाही."

"काल रात्री पुन्हा प्रयत्न केला. म्हणे, कुणीतरी वापरतंय."

"नाही, नाही. मागे एक खूण राहता कामा नये."

"हिला काय सांगू? ही नुसती सही करते."

दुपारी वहिनी अळूवड्यांची ताटली घेऊन आल्या. आमच्याकडे अळूवड्या फक्त कुणी गेल्यावर किंवा कुणाचं काही तरी बाहेर आल्यावर येतात. त्या बायकोजवळ बसल्या, तिच्या हातावर हात ठेवला.

"रजनीताई, सगळं ठीक आहे ना?"

"हो. का हो?"

वहिनींनी माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला. "कमल कोण?"

बायकोनं वडी तोडली. "कमल म्हणजे हेच."

"हेच म्हणजे?"

"हे. आमचे हे. कमल हेच आहेत."

वहिनींचा चेहरा काही उजळला नाही. उलट त्यांनी पदर सावरला. टेबलावर माझी वही उघडी होती. 'काय काढले' या रकान्यात ओळीनं कमल, कमल, कमल, आणि प्रत्येकीसमोर बायकोची सही. खाली एकदाच, शाईनं खोडलेलं, 'राजन'. (मी चुकून नव्हे, केवळ संशयापोटी तेही फोल्डर तपासलं होतं.)

"आणि... राजन?"

"राजन मी," बायको म्हणाली. "आणखी एक वडी घेऊ का?"

वहिनी गेल्या. ताटली परत न्यायलाही आल्या नाहीत, ती मीच नेऊन दिली. दार अण्णांनी उघडलं आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बंद करून चालू करा" असं काही या वेळी ते म्हणाले नाहीत.

फोल्डर गेलं. मी वहीत तांबड्या शाईनं 'नष्ट' लिहिलं. तेव्हा भाचा म्हणाला, "आता मामा, रजिस्ट्री. इथं मात्र जपून. इकडचं तिकडं झालं तर मशीनच उठायचं नाही." रजिस्ट्री म्हणजे सगळ्या नोंदींची मूळ वही. एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज एनटी, त्यात करंट व्हर्जन, त्यात प्रोफाइल लिस्ट. अभिलेख कक्षात मी यापेक्षा खोल गठ्ठे उपसले आहेत, त्यामुळे मला भीती वाटली नाही. उलट आनंदच झाला. प्रत्येक माणसाचा क्रमांक, त्यासमोर त्याच्या फोल्डरचा पत्ता, असं सगळं व्यवस्थित लावलेलं होतं. आणि 1001 चे दोन. एक साधा, दुसऱ्याला मागे 'बॅक' असं शेपूट. वादळाच्या दुसऱ्या दिवशी संगणकानं खरी नोंद शेपूट लावून बाजूला ठेवली होती आणि साध्या नोंदीवर मला तात्पुरतं आत घेतलं होतं. आधी नक्कल काढून ठेवली. मग दोन्ही नोंदी काढल्या. बायकोनं दोन सह्या केल्या.

भाचा म्हणाला, "झालं मामा. आता अगदी क्लीन."

मग फोनवर जरा वेळ शांत. "एक सांगू का? सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड म्हणून एक टॅब असतो. त्यात युजर प्रोफाइल्स. तिथं ती 'अकाउंट अननोन' म्हणून दिसली असती. निवडून डिलीट म्हटलं असतं तर फोल्डर आणि रजिस्ट्री दोन्ही एकदम गेलं असतं."

"हे आधी का नाही बोललास?"

"तुम्ही एवढे रंगला होतात, मामा."

"मग आता तिथनं कर की."

"आता ती तिथं दिसायची नाही ना. आपण तिला हातानं काढलं."

खरं म्हणजे इथं थांबायला हरकत नव्हती. पण माणसाला एकदा सफाईची चटक लागली की तो माळ्यावर चढतोच. मी लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण लावली आणि घरभर हिंडलो. डी ड्राइव्हवरच्या कचऱ्याच्या डब्यात प्रत्येकाचा वेगळा कप्पा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. कमलचा कप्पा 1001 ची पाटी लावून तसाच होता, आणि त्यात मी कधीतरी फेकलेले हललेले फोटो. सार्वजनिक फोल्डरात तिच्या क्रमांकाखाली खात्याचं चित्र, म्हणजे माझाच चेहरा, तिकिटापासून पोस्टरपर्यंत निरनिराळ्या मापांत जपून ठेवलेला. आणि संगणकाच्या कामांच्या वेळापत्रकात तिच्या क्रमांकाच्या नावे अजून एक काम लावलेलं. फाइली इंटरनेटवर ठेवणाऱ्या कुठल्याशा प्रोग्रामची नवी आवृत्ती आली का, ते बघायचं. मालकीण नाही, खोली नाही, सामान नाही, पण तिच्या नावावर ड्यूटी लागलेली.

ते वाचून बायको हातातलं काम टाकून आली. "अजून कामाला लावलंय तिला?"

"नुसती नोंद आहे गं."

"नोंद म्हणे. घर गेलं, नाव गेलं, माणूस म्हणून कुणी ओळखत नाही, आणि कामाची यादी तेवढी शिल्लक. राहू दे तिला. खाते किती जागा?"

"काही केबी."

"तुमची ती फाटकी बनियनं याहून जास्त खातात."

त्या दिवसापासून घरात कमलची बाजू घेणारं माणूस तयार झालं. मी संगणकाशी बसलो की आतून आवाज येई, "कमलला त्रास देऊ नका." भजनी मंडळातही विषय गेला असावा, कारण एकदा एका बाईंनी मला जिन्यात थांबवून, बायकांच्या नावाची घरं कशी असायला हवीत, यावर चांगलं सुनावलं. बायकोनं वहीवर सह्या करणंही थांबवलं. शेवटच्या तीन ओळींवर साक्षीदार म्हणून मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "मला यात घेऊ नका."

मग मी एकट्यानंच ते सगळं काढलं. दिवाळीला भाचा आला तेव्हा त्यानं स्वतः बसून कानाकोपरा तपासला आणि निर्वाळा दिला. नामोनिशाण नाही. मी वहीचं शेवटचं पान उघडून त्याच्याकडून तसं लिहून घेतलं. साडूही आले होते. त्यांना 'पुरुस' सांगायचं म्हणून मी घसा खाकरला, पण बायकोनं डोळे वटारले. माझी कमल आधीच गाजली होती.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नं सुरू झाली. पहिलंच कराडला, आत्याच्या नातवाचं. रिक्षा बोलावलेली, बायको नऊवारीत दारात, मी पाकीट घेऊन संगणकापाशी. यादी उघडली. संगणक म्हणाला, ही फाइल उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही ती कॉपी केली होती का कट?"

"कट. दुहेरी नको म्हणून."

"तरीच. एकाच ड्राइव्हवर कट करून नेलेली फाइल हक्क जुनेच घेऊन जाते. मालक कोण दिसतोय बघा."

मी बघितलं. एस-1-5-21 इत्यादी इत्यादी. शेवटी 1001.

"अहो, काय करताय?" दारातून आवाज आला.

"आत्याकडून काय आलं होतं ते बघतोय. उघडत नाहीये. टेकओन करावं लागेल. वीस एक मिनिटं दे."

"स्टीलचा डबा. पाच शेरी. झाकण बसत नाही त्याचं, माळ्यावर आहे, आत तुमच्या जुन्या वह्या आहेत. त्याआधी मुंजीत एकशे एक दिले होते आणि पोलक्याचं कापड, तेही अपुरं. पाचशे एक घाला आणि चला. रिक्षावाला हॉर्न मारतोय."